शहापूर-मुरबाडचा पिझ्झा: तालुक्यातल्या एका पदार्थाचा इतिहास कसा शोधायचा?

पेट झाली, मुलाखत तोंडावर आली की बरेच जण मेसेज करून एकच प्रश्न विचारतात: विषय कसा निवडायचा? मी दरवेळी उलटा प्रश्न विचारते. तुमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत गेल्या पंधरा वर्षांत कोणती पाटी नवीन लागली? शहापूर आणि मुरबाडपुरतं बोलायचं तर उत्तर सोपं आहे. 'पिझ्झा – पास्ता – बर्गर'. बाजूला कुठे मोमोज, कुठे थिक शेक. आत चार-सहा टेबलं, भिंतीवर विटांच्या चित्राचा कागद, टेबलावर ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या.

यात इतिहास कसला, असं वाटेल. माझं पदव्युत्तर शिक्षण वनस्पतीशास्त्रातलं. प्रयोगशाळेतून अन्नाच्या इतिहासाकडे वळले तेव्हा मलाही इतिहास म्हणजे दफ्तरखाना, मोडी कागद आणि शिलालेख असंच वाटायचं. पण कागद नसलेल्या गोष्टींचाही इतिहास असतो, आणि तो शोधताना पद्धतीचे सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात. म्हणून आज पिझ्झा.

पहिली सवय लावून घ्या: सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीवर आधी संशय घ्यायचा. पिझ्झाची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी. १८८९ मध्ये इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली. राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्याने टोमॅटो, मोझरेला आणि बेसिल असा ध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला, राणी खूश झाली आणि पिझ्झाला तिचं नाव मिळालं. पुरावा म्हणून राजवाड्याचं आभारपत्र आजही तिथल्या दुकानात लावलेलं आहे. झॅकरी नोवाक या अभ्यासकाने २०१४ मध्ये हे पत्रच तपासलं. शिक्का, अक्षर, कागदाचा मजकूर यांची दरबारातल्या दुसऱ्या कागदांशी तुलना केली, आणि पत्र नंतर तयार केलेलं असावं असा निष्कर्ष काढला. मोझरेला-बेसिलचा पिझ्झा तर राणी येण्याच्या आधीपासून नेपल्सच्या वर्णनांत सापडतो.

मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला, ही दुसरी गोष्टही तशीच. पोलो परतला १२९५ मध्ये. पण ११५४ मध्येच अल-इद्रिसी हा भूगोलकार लिहितो की सिसिलीतल्या त्राबिया गावात 'इत्रिया' नावाच्या पिठाच्या सुक्या दोऱ्या बनतात आणि जहाजं भरभरून बाहेर जातात. १२७९ च्या जेनोआतल्या एका मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या टोपलीची नोंद आहे. पोलोची गोष्ट पसरली ती अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या मासिकामुळे, १९२९ मध्ये. म्हणजे जाहिरातीची गोष्ट इतिहास होऊन बसली. साधन कोणी, कधी आणि कशासाठी तयार केलं, हा प्रश्न विचारायला एवढी दोन उदाहरणं पुरेत.

आता आपल्याकडे येऊ. 'पिझ्झा १९९६ मध्ये भारतात आला' असं वाक्य लेखांमध्ये हमखास असतं. डॉमिनोजचं पहिलं दुकान जानेवारी १९९६ मध्ये दिल्लीत आणि पिझ्झा हटचं त्याच वर्षी जूनमध्ये बंगळुरूला उघडलं, हे खरं. पण कंपनीची तारीख आणि पदार्थाची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी. इटालियन माणसं मुंबईच्या खाद्यव्यवसायात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच होती. आज तालुक्या-तालुक्यात ज्यांच्या केकच्या दुकानाची पाटी दिसते ते 'मॉन्जिनीज' हे नावच मुळात फोर्टमध्ये खानपानाचा धंदा करणाऱ्या दोन इटालियन भावांचं. नंतर खोराकीवाला कुटुंबाने तो व्यवसाय घेतला. वाढदिवसाला केक आणताना आपण इटालियन आडनाव घरी आणतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं! पुण्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीला सुरू झालेली 'लिटल इटली' ही साखळी तर पूर्ण शाकाहारी. मांस-मासळी वगळूनही इटालियन जेवण पोटभर होतं, हे त्यांनी हेरलं. गुजराती, मारवाडी, जैन कुटुंबांना बाहेर जेवायला ही मोठी सोय झाली. शहापूरला हे लगेच पटेल. मानस मंदिरामुळे तिथे जैन यात्रेकरूंची वर्दळ असते, आणि मुंबई-नाशिक महामार्गावर 'जैन पिझ्झा' ही ओळ मेन्यूकार्डावर असणं हा धंद्याचा साधा हिशोब आहे.

पण मुंबई-पुण्याचा इतिहास सांगून झाला की शहापूर-मुरबाडचा इतिहास आपोआप होत नाही. इथेच खूप प्रबंध घसरतात. 'आधी महानगरात आलं, मग झिरपत गावात गेलं' एवढं लिहून प्रकरण संपवतात. झिरपतं ते पाणी. पदार्थ कुणीतरी आणावा लागतो, कुणीतरी तो परवडणारा करावा लागतो, आणि त्याच्यासाठी काही गोष्टी आधीपासून तिथे असाव्या लागतात. म्हणून मी पिझ्झाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला विचारलं, बाबा रे, तू इथे कधी आलास?

पहिला तुकडा, बेस. शहापूर-मुरबाड हा भाताचा मुलूख. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर उघडा, डोंगराळ तालुक्यांची पिकं म्हणजे भात, नागली, वरी. आजही म्हसा, टोकावडे, डोळखांब, किन्हवली भागात चुलीवर तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी असते. मग गव्हाची सवय कुठून लागली? त्याचं उत्तर इटलीत नाही, रेशनच्या दुकानात आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेखाली गहू येऊ लागला, पाठोपाठ तांबडा मिलो आला. जुन्या माणसांसमोर मिलोचं नाव काढा, चेहरा वाकडा होतो. १९६५ मध्ये सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि पावाची लादी ही सरकारी धोरणाची गोष्ट झाली. पुढे वडापाव आला, आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचलेल्या रेल्वेच्या फलाटांवर, एसटी स्टँडांवर तो स्थिरावला. पावाची बेकरी तालुक्यात आधी होती म्हणून पिझ्झाचा तयार बेस तिथे मिळू लागला. नेपल्सच्या पिझ्झ्याला मऊ पीठ आणि ४५० अंशांच्या पुढची भट्टी लागते, तो दीड मिनिटात भाजून निघतो. आपल्या बाजारपेठेतला बेस बेकरीत अर्धा भाजलेला, थोडा गोडसर, पावाच्याच कुळातला. मला तरी हा पिझ्झा मार्गेरिताचा नातेवाईक कमी आणि वडापावचा धाकटा भाऊ जास्त वाटतो.

दुसरा तुकडा टोमॅटो. हा तर पिझ्झाच्या कितीतरी आधी इथून जात होता. जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणकडे जातो, पिंपळगावचा कसारा घाट उतरून शहापूरवरून मुंबईकडे. दोन्ही तालुके टोमॅटोच्या वाटेवर आहेत, मुक्कामावर नाहीत. पिझ्झावर मात्र बहुतेक वेळा तो ताजा नसतोच, सॉसच्या डब्यातून येतो. (जाता जाता: बेसिल म्हणजे ओसिमम बॅसिलिकम. आपण फालुद्यात घालतो तो सब्जा याच वनस्पतीचं बी. आणि ओरेगॅनोचा वास ओव्याच्या जवळचा वाटतो त्यालाही कारण आहे. एकात मुख्यतः कार्व्हाक्रॉल, दुसऱ्यात थायमॉल. दोन्ही रेणूंचं सूत्र एकच, मांडणी थोडी वेगळी.)

तिसरा तुकडा चीज, आणि माझ्या मते सगळी गोम इथे आहे. चीज ताणलं जातं ते कशामुळे? दुधातलं केसिन हे प्रथिन कॅल्शियमने एकमेकांना बांधलेलं असतं. दही मुरून सामू साधारण ५.२ च्या आसपास आला की त्यातलं काही कॅल्शियम निघून जातं. मग तो गोळा गरम पाण्यात मळून ओढला की प्रथिनांच्या तंतूंना दिशा मिळते. हे मोझरेला. पूर्वी डब्यात नाहीतर क्यूबमध्ये मिळायचं ते प्रोसेस्ड चीज. त्यात घातलेले क्षार केसिनची ही बांधणी मोडतात, म्हणून ते छान वितळतं पण तार धरत नाही. ज्यांच्या घरी तव्यावर झाकण ठेवून, केचप फासून, किसलेल्या चीजचा पिझ्झा व्हायचा त्यांना तो फरक जिभेला ठाऊक आहे. मोझरेला मुळात म्हशीच्या दुधाचंही असतं, आणि म्हशी काय आपल्याकडे कमी आहेत? तरी हे चीज तालुक्यात उशिरा आलं, कारण त्याला दूध पुरत नाही, अखंड थंडावा लागतो.

आता २००५ ते २०१२ च्या दरम्यानचा ग्रामीण महाराष्ट्र आठवा. भारनियमन. तासन्‌तास वीज नाही. डीप फ्रीझर कसा चालवणार आणि विजेची भट्टी कशी तापवणार? माझं गृहीतक असं आहे की शहापूर-मुरबाडमध्ये बसून खायच्या पिझ्झाच्या दुकानांची खरी सुरुवात उदारीकरणाच्या १९९१ शी किंवा कंपन्यांच्या १९९६ शी जुळणार नाही. ती भारनियमन सैल झाल्यानंतरच्या वर्षांशी जुळेल. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही, हे ठळकपणे लक्षात घ्या. पण ते चांगलं गृहीतक आहे, कारण ते खोटं ठरू शकतं. गुमास्ता परवाने, अन्न परवाने आणि वीजजोडणीच्या तारखा समोर ठेवल्या की खरंखोटं होईल. (अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, पण अंमल ऑगस्ट २०११ पासून. त्याआधीच्या नोंदी वेगळ्या व्यवस्थेत शोधाव्या लागतात. हे गाइडने विचारायच्या आधी आपल्याला माहीत असलेलं बरं.)

पास्त्याची गोष्ट जरा निराळी. व्हाइट सॉस, रेड सॉस, पिंक सॉस असे तीन रंग सगळीकडे ठरलेले. यातला व्हाइट सॉस, म्हणजे लोण्यात परतलेला मैदा आणि दूध, आपल्याकडे क्लब आणि हॉटेलांच्या 'काँटिनेंटल' मेन्यूतून आणि 'बेक्ड डिश'च्या मार्गाने आला. म्हणजे तो इंग्रजांच्या हातून आलेला फ्रेंच पदार्थ, इटालियन पाटीखाली विकला जाणारा. पाटीवरचं नाव हे साधन म्हणून किती कच्चं असतं ते बघा.

पण खरी मजा गव्हात आहे. सुका पास्ता होतो ड्युरम गव्हाचा. ड्युरमची गुणसूत्रं २८, चपातीच्या गव्हाची ४२. ड्युरम कडक, दाण्याला पिवळसर झाक, दळला की पिठापेक्षा रवा चांगला पडतो. हा गहू आपल्याला परका नाही, आपण त्याला बन्सी म्हणतो. बन्सीचा रवा, बन्सीच्या शेवया. हरितक्रांतीत बुटके, पाण्याला आणि खताला प्रतिसाद देणारे चपातीचे गहू आले आणि कोरडवाहू बन्सी मागे पडला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मात्र ड्युरमवर काम चालू ठेवलं, त्यांचं एमएसीएस ४०२८ हे जास्त प्रथिनं, लोह आणि जस्त असलेलं वाण ड्युरमच आहे. आणि खपली? ट्रिटिकम डायकोकम. इटलीत यालाच फार्रो म्हणून मान आहे.

हातवळणीच्या पदार्थांकडे बघा. लग्नाच्या रुखवतात मांडायचं वळवट: गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे, फणोले. बोटाच्या चिमटीत वळलेले, नखाने दाबलेले, फणीवर फिरवून रेषा उमटवलेले. इटालियन पास्त्याच्या पुस्तकातली चित्रं शेजारी ठेवली तर एखाद्या आजीला विचारावं लागेल, यातलं तुमचं कुठलं? आता सावध! इथे दोन मोह होतात. एक, 'बघा, पास्ता मूळचा आपलाच'. दुसरा, 'पोर्तुगीजांनी शिकवला असणार'. दोन्हींना पुरावा लागतो, आणि साम्य हा पुरावा नव्हे. कडक गव्हाचं पीठ, हाताची बोटं आणि ऊन, एवढ्या तीन गोष्टी दोन ठिकाणी असतील तर सारखे आकार स्वतंत्रपणे घडू शकतात. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. वटवाघळाला आणि पक्ष्याला दोघांना पंख आहेत, म्हणून कुणी कुणाकडून उसने घेतले असं आपण म्हणत नाही.

यासाठी एक संकल्पना वापरायला हरकत नाही, नाव ऐकून हसू नका: 'पिझ्झा इफेक्ट'. अगेहानंद भारती हे व्हिएन्नात जन्मलेले, भारतात संन्यास घेतलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी १९७० मध्ये ती मांडली. साधी भाकरीवजा गोष्ट स्थलांतरितांबरोबर परदेशी जाते, तिथे नटते, प्रतिष्ठा मिळवते, आणि मग मायदेशी परतल्यावर 'आमचा थोर वारसा' होऊन बसते. त्यांना बोलायचं होतं हिंदू धर्माबद्दल, पिझ्झा फक्त उपमेला. आज खपली गहू शहरातल्या दुकानात आरोग्याचा गहू म्हणून चढ्या भावाने विकला जातो, नाचणीचा 'मिलेट पिझ्झा बेस' येतो, तेव्हा भारतींची उपमा फिरून पिझ्झावर येते. डोळखांबच्या घरातली नाचणी जोवर भाकरीत होती तोवर ती गरिबीची खूण होती. बेसमध्ये गेली की ती सुपरफूड!

आणि आता जे लिहायचं आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या दोन तालुक्यांत खरं तर दोन पिझ्झा आहेत. एक महामार्गावरचा आणि फार्महाऊसवाल्यांचा, शनिवार-रविवारचा. दुसरा बाजारपेठेतला: दहावीचा निकाल, वाढदिवस, पहिला पगार, एमआयडीसीत कामाला लागलेल्या पोराने धाकट्या बहिणीला दिलेली पार्टी. आणि या दोन्हींच्या बाहेर मोठा समाज आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली पाडे. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. चौघांनी टेबलावर बसून पिझ्झा-पास्ता खाल्ला तर दोन-तीन दिवसांची मजुरी सहज संपते. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचा तर हिशोबच निराळा.

म्हणून मुलाखतीची प्रश्नावली करताना 'तुम्ही कधी पिझ्झा खाल्ला आहे का?' हा प्रश्न मी लिहून खोडला. ज्याने खाल्ला नाही त्याला तो प्रश्न मागास ठरवतो, आणि आपण संशोधक म्हणून आलेलो असतो, शहाणपण मोजायला नाही. त्याऐवजी: बाहेर बसून शेवटचं कधी खाल्लं? कुणाबरोबर? काय निमित्त होतं? कुणी पैसे दिले? घरी काय सांगितलं? या पाच प्रश्नांत मिसळ येईल, चायनीज येईल, भजी येतील, कधी पिझ्झाही येईल, आणि पदार्थापेक्षा माणसं जास्त कळतील. विशेषतः मुलींच्या बाबतीत. धाबा आणि परमिट रूम या पुरुषांच्या जागा. पिझ्झाच्या दुकानात कॉलेजच्या मैत्रिणी दोन तास बसू शकतात, कुणी हटकत नाही. ही जागा कशी तयार झाली हा प्रश्न चीजच्या तारेपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि मुरबाडसारख्या, अजून रेल्वे नसलेल्या तालुक्यात, जिथे संध्याकाळची एसटी चुकली की पंचाईत, तिथे तो आणखी मोठा.

पाण्याचंही लिहायलाच हवं. तानसा धरण १८९२ चं. नंतर मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा शहापूर तालुक्याच्या डोंगरांत अडवलेला आहे. म्हणजे दक्षिण मुंबईच्या ज्या इटालियन रेस्टॉरंटांपासून आपले इतिहासकार सुरुवात करतात, तिथलं पीठही शहापूरच्या पाण्यात मळलं गेलं. त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातात. 'पिझ्झा शहरातून तालुक्यात आला' हे वाक्य लिहिताना त्याच्या उलट दिशेने काय गेलं तेही त्याच पानावर यावं, असा माझा आग्रह आहे. गाइडला तो विषयांतर वाटला तर वाटू द्या, तळटीप म्हणून तरी ठेवा.

साधनांबद्दल शेवटचं. वाचायला सुरुवात करणार असाल तर मुंबईत बाहेर जेवण्याच्या इतिहासावरचा फ्रँक कॉनलन यांचा १९९५ चा निबंध आणि पाकपुस्तकांवरचा अर्जुन अप्पादुराई यांचा १९८८ चा, हे दोन आधी. मराठी पाकपुस्तकांत १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून 'रुचिरा'पर्यंत शेवया-वळवटाच्या नोंदी काढत चला. कृतीपेक्षा कोणता गहू सांगितलाय ते बघा. आणि बाजारपेठेतल्या दुकानांची मेन्यूकार्डं गोळा करा, मागे तारीख आणि गावाचं नाव पेन्सिलीने टाकून. दुकानं वर्ष-दोन वर्षांत बंद होतात, फलक उतरतो, कार्ड रद्दीत जातं, आणि भाव कधी वाढले हे मालकालाही आठवत नाही. माझ्याकडे सध्या जुन्या कपाटातल्या एका फाइलीत ती आहेत, लॅमिनेशन केलेली वेगळी, साध्या कागदाची वेगळी. भारनियमनाच्या तासांचे आकडे हाती आले की पुढची पोस्ट त्यावरच लिहिते. तुमच्या तालुक्यातल्या पहिल्या पिझ्झाच्या दुकानाचं वर्ष कुणाला पक्कं माहीत असेल तर कळवा, पण कशावरून पक्कं, तेही लिहा.